झोपच येते ना तिनंही?

"ताई, आईची झोपेची गोळी संपली. दादाची आहे घरात, त्यातली अर्धी देऊ का? झोपच येते ना तिनंही?"

मेडिकलच्या काउंटरमागे माझी वीस वर्षं गेली. माणसं बदलतात, प्रश्न हाच. तेव्हा मागचा गिऱ्हाईक सुटे पैसे वाजवत उभा असतो, म्हणून "नको, डॉक्टरांना विचारा" एवढंच तोंडून निघतं. आज दुपारी दुकान शांत आहे, तर नीट सांगते.

झोप येते, खरंच येते. पण सर्दीच्या गोळीनंही येते. एका गोळीचं झोप आणणं हेच काम असतं. दुसरी काम वेगळंच करते आणि जाता जाता डोळे जड करून जाते.

निव्वळ झोपेची म्हणजे झोल्पिडेम. चटकन लागू पडते आणि दोन-तीन तासांत अंगातली निम्मी उतरते. बायकांच्या शरीरातून ती सावकाश जाते. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं बायकांसाठीचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. आमच्याच घरात माझ्या सासूबाई ही गोळी घेऊन रात्री दोनला उठल्या, गॅस पेटवला आणि रिकाम्या पातेल्यात चमचा ढवळत बसल्या. सकाळी विचारलं तर काही म्हणता काही आठवेना. "मी कशाला उठतेय?" म्हणून माझ्यावरच उखडल्या. डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी बंद केली.

आता टेन्शनची गोळी. "पॉइंट टू फाइव्ह द्या" असं दबक्या आवाजात कुणी म्हटलं की समजायचं, अल्प्राझोलाम. तिची भावंडं म्हणजे क्लोनाझेपाम आणि डायझेपाम. मेंदूत गाबा नावाचा एक नैसर्गिक ब्रेक असतो, या गोळ्या तो आणखी दाबतात. अल्प्राझोलाम साधारण अकरा तासांत निम्मी उतरते, क्लोनाझेपामला तीस-चाळीस तास लागतात. छातीतली धडधड अर्ध्या-पाऊण तासात बसते, आणि तीच त्यांची गोम आहे. महिनोन्‌महिने रोज घेतली तर शरीर तिच्यावर विसंबतं. मग एकदम थांबवली की झोप उडते, हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते. २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं आम्ही वेगळ्या वहीत लिहितो आणि वही तीन वर्षं सांभाळतो. वही उघडली की काही माणसं "राहू द्या, नंतर येतो" म्हणून निघून जातात. नंतर येत नाहीत.

कायमच्या काळजीवर डॉक्टर खरं तर एस्सिटालोप्रामसारखी गोळी देतात. ती रोजच्या रोज घ्यायची, गुण यायला दोन ते सहा आठवडे. सुरुवातीला कधी कधी अस्वस्थपणा उलट वाढतो, म्हणून तेवढ्या दिवसांपुरतं क्लोनाझेपाम जोडीला देतात. आणि इथंच माणसं उलटं करतात, मी डोळ्यांनी बघते. "ही लगेच लागू पडते, ती काही कामाची नाही," म्हणत एस्सिटालोप्राम पंधरा दिवसांत सोडतात आणि क्लोनाझेपामची स्ट्रिप मागत वर्षभर येतात. घर बांधायचं राहिलं आणि सेंट्रिंगच्या फळ्यांवर संसार मांडला!

दादाची गोळी तिसऱ्याच घरातली. कानात आवाज येणं, शेजारी विष घालतील असा पक्का संशय, यांवर ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन चालतात. त्यांचं मुख्य काम मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाला आवरण्याचं. गोंधळ होतो तो क्वेटियापिनमुळे. २५ मिलिग्रॅममध्ये ती मुख्यतः झोपच आणते, कारण तेवढ्या डोसात ती मेंदूला जागं ठेवणारं हिस्टामिन अडवते, सर्दीच्या गोळीसारखी. भास आणि संशयासाठी तिचा डोस शेकड्यांत जातो. नाव तेच, म्हणून घरचे म्हणतात, "अहो, ही तर झोपेचीच." ओलान्झापिननं भूक खवळते, वजन आणि साखर वाढते. म्हाताऱ्या माणसाला यातली काही दिली तर उठताना बीपी पडून तोल जातो. स्मृतिभ्रंश असेल तर या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा २००५ पासून आहे.

आणि आईला दिलेली अर्धी दादाच्या स्ट्रिपमधून जाते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. गोळी चुकली की आवाज दुसऱ्या दिवशी परत येतीलच असं नाही. कधी कधी काही आठवड्यांनी येतात, तोवर सगळे विसरलेले असतात.

"मग आयुर्वेदिक द्या" म्हणणाऱ्यांना मी सर्पगंधा या वनस्पतीची आठवण करून देते. कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच ती वेडावर आणि रक्तदाबावर चालते असं लिहिलं होतं. रक्तदाब ती खरोखरच उतरवते, आधीच बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाचासुद्धा.

परवा विचारायला आलेल्या बाईनं पिशवीतून श्रीखंडाचा डबाच काढला. आत दोघांच्या गोळ्या एकत्र. आम्हीच कात्रीनं कापून दिलेले तुकडे, एकावर नावाचं नुसतं "पाम" एवढं शेपूट उरलेलं, तारीख कुठे गेली कुणास ठाऊक. ओळखता आल्या त्या दोन पाकिटांत घातल्या आणि वर स्केचपेननं लिहिलं, "आई" आणि "दादा". उरलेल्या टाकायला बाजूला काढल्या.

दुसऱ्या दिवशी ती आईची नवी चिठ्ठी घेऊन आली. गोळी होती, पण दहाच दिवसांची. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, दुपारची झोप बंद, संध्याकाळनंतर चहा बंद.

"गोळी द्या," ती म्हणाली. "आणि ताई, चहाचं तेवढं आईला तुम्हीच फोन करून सांगा."