सिंगापूर ते क्वालालंपूर: हवेत पाऊण तास, दारापासून दारापर्यंत साडेसहा

सिंगापूरहून क्वालालंपूरला विमानानेच जायचं, हे मी नुसतं वेळापत्रक बघून ठरवून टाकलं होतं. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर जेमतेम ३०० किलोमीटर. तिकिटावर एक तास दहा मिनिटं लिहिलेली असतात, पण त्यात धावपट्टीकडे रांगत जाणंही आलं. प्रत्यक्ष हवेत आम्ही पाऊण तास होतो. पाणी वाटून होईतो खाली पामच्या बागा दिसायला लागल्या. आई म्हणाली, "अरे, आत्ता तर पट्टा लावला!"

आता जमिनीवरचा हिशोब. लिटिल इंडियातलं हॉटेल सोडलं पावणेआठला, चांगीला पोचलो साडेआठला, विमान अकराचं. बारा दहाला उतरलो आणि इमिग्रेशनमध्ये पाऊण तास गेला. त्यातली पंधरा मिनिटं माझी कृपा. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड माझं नि बायकोचं भरलं होतं, आईचं राहून गेलं. मग रांग सोडून फोनवर भरत बसलो. हे कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचं वेगळं भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट उघडली तर लगेच बंद करा.

क्वालालंपूरचा विमानतळ शहरात नाहीच, तो पन्नासेक किलोमीटरवर सेपांगला आहे. एक्सप्रेस ट्रेन टर्मिनल २ वरून ३३ मिनिटांत केएल सेंट्रलला नेते, टर्मिनल १ वरून २८. भाडं माणशी ५५ रिंगिट. एकट्यादुकट्याला ठीक, तिघं-चौघं असाल तर ॲपवरची टॅक्सी बघा. ब्रिकफील्ड्सच्या हॉटेलात पोचलो तेव्हा दोन वीस झाले होते.

परतताना मुद्दाम बस घेतली. रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे आपलं मुंबई-रत्नागिरी, फक्त घाट आणि खड्डे वजा करून. नऊला निघालो, सव्वातीनला सिंगापुरात. एका ओळीत तीनच ऐसपैस खुर्च्या, आईने पाय पसरून झोप काढली. विमानापेक्षा वीस मिनिटं आधीच पोचलो म्हणायचं, तेही निम्म्याहून कमी खर्चात. या मार्गावर नव्वद मिनिटांची बुलेट ट्रेन व्हायची होती, पण २०२१ च्या सुरुवातीला करारच रद्द झाला.

बसची खरी परीक्षा सीमेवर. आधी मलेशियाचा शिक्का, मग पूल ओलांडून सिंगापूरचा, आणि सिंगापूरच्या बाजूला सगळं सामान उतरवून तपासणीतून न्यायचं. उतरण्याआधी बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा, पलीकडे एकसारख्या बसची रांग असते आणि फार उशीर झाला तर ड्रायव्हर थांबत नाही. शुक्रवार-रविवारची संध्याकाळ टाळा. पूल दोन आहेत. आमची बस तुआसच्या पुलावरून आली, वुडलँड्सच्या मानाने तिथे गर्दी कमी.

मलेशियाला भारतीयांना सध्या व्हिसा लागत नाही, सिंगापूरला लागतो. असं मध्येच जाऊन परत यायचं असेल तर तो मल्टिपल एंट्री आहे का, हे पुण्या-मुंबईतच बघून घ्या. परत शिरताना सिंगापूरचं अरायव्हल कार्डही नव्याने भरावं लागतं. आणि मलेशियातून येताना दारूवर ड्यूटी-फ्री सवलत नाही. आमच्या पुढच्या काकांना हे काउंटरवर कळलं.