बर्फावर आलेलं रक्त

मे महिना, धुळ्यात दुपारी अंगाची लाही. अमळनेरकडून आलेला डबा उघडला आणि माझा हात जागीच थांबला. एचआयव्हीच्या लसीसाठी चाललेल्या आमच्या संशोधनाच्या रक्ताच्या नळ्या थेट बर्फात रोवलेल्या.

पेशी वेगळ्या करायचं रक्त बर्फावर ठेवत नाहीत. ते १८ ते २५ अंशांत हवं. गारठलं की ग्रॅन्युलोसाइट, म्हणजे नको असलेल्या पांढऱ्या पेशी, खाली बसत नाहीत, हव्या त्या पेशींतच मिसळतात. तरी करून पाहिलं. नळी तिरकी धरून फिकॉलवर, म्हणजे पेशी थरांत वेगळ्या करणाऱ्या दाट द्रवावर, रक्त इतकं हळू सोडलं की थर मोडू नये. नळी गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवला, थांबताना थर हलू नयेत म्हणून. अर्ध्या तासानं मध्ये हव्या त्या पेशींची पांढरी, धुकट कडी दिसायला हवी होती. दिसला लालसर, गढूळ पट्टा.

रक्त ज्या मावशींचं, त्यांना एचआयव्हीची लागण होऊन खूप वर्षं झालीत. आधीच्या नमुन्यातून औषधांचा अंश काढून शुद्ध केलेल्या त्यांच्या आयजीजीनं, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींनी, चाचणीच्या पॅनेलमधले (विषाणूंच्या संचातले) बहुतेक विषाणू रोखले होते; नुसता आपल्याकडे आढळणारा सबटाइप सी हा प्रकारच नव्हे, तर इतरही. विषाणूचं आवरण साखरेच्या साखळ्यांनी झाकलेलं असतं. त्यातल्या फटी हेरणारी अँटिबॉडी मोजक्याच शरीरांत, तीही वर्षानुवर्षांनी घडते. कशी घडली, ते अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींच्या जनुकांत वाचता येतं. लसीनं शरीराला त्याच वाटेनं न्यायचं. थायलंडमधल्या एचआयव्ही लसीच्या चाचणीत २००९ मध्ये ३१ टक्के संरक्षण दिसलं, पुढे एकही लस त्याच्यावर गेली नाही. म्हणून त्या पेशींसाठी एवढा जीव तुटतो.

बर्फ घालणाऱ्या मामांवर रागावले नाही. उन्हात रक्त नासू नये म्हणून त्यांनी पदरच्या पैशानं बर्फ आणला होता. आमचं सूचनापत्रक इंग्रजीत होतं! ते मराठीत हवं हे एवढ्या शिकलेल्या माणसांत कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

पुन्हा रक्त घ्यायची परवानगी काढून, पुढच्या महिन्यात मावशी औषध न्यायला आल्या तेव्हा सगळं सांगितलं आणि पुन्हा रक्त द्याल का, असं विचारलं. "नाही म्हणालात तरी औषध बंद होणार नाही."

"ताई, माले काय फायदा व्हई?"

"काहीच नाही, मावशी. लस झालीच तर लागण न झालेल्यांसाठी."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पदर सावरून डावा हात पुढे केला. उजव्याची शीर सापडत नाही, हे त्यांना आमच्याआधी ठाऊक.

या वेळी कडी स्वच्छ पांढरी आली. पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या आहेत. पण ज्या खिडकीतून महिन्याच्या गोळ्या मिळतात, तिच्यासमोरच मी विचारलं होतं. तिथे मावशी नाही म्हणू शकल्या असत्या का?