सातवी रेघ

२००३ची गोष्ट असेल. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात, आणि सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही काय करायचो तर गाण्यांचे टॅब शोधायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टॅब म्हणजे गिटारवाल्यांचं देशी नोटेशन, सहा आडव्या रेघा, एकेक रेघ म्हणजे एकेक तार आणि रेघेवर लिहिलेला आकडा म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी, फ्रेटपैकी, कितवा दाबायचा ते. स्टाफ नोटेशन न येणाऱ्या माझ्यासारख्यांची मोठीच सोय. तर कॉर्न या अमेरिकन मेटल बँडच्या पहिल्या अल्बममधल्या, म्हणजे १९९४च्या, एका गाण्याचा टॅब प्रिंट मारून आणला, होस्टेलवर येऊन गिटार मांडीवर घेतली आणि काही केल्या जुळेना. रेघा मोजल्या. सात. परत मोजल्या, तरी सातच. मला वाटलं ज्याने टाइप केलंय त्याने झोपेत एक रेघ जास्त मारलीय. मग नीट बघितलं तर गाण्याचा सगळा मालमसाला त्या सगळ्यात खालच्या रेघेवरच होता आणि वरच्या रेघा बऱ्याचशा रिकाम्या.

च्यायला, म्हणजे जे वाजवायचंय ते माझ्या गिटारवर नाहीचे.

सात-आठ तारांच्या गिटारकडे माणूस का वळतो असं कोणी विचारलं की सगळे एकच उत्तर देतात, हेवी साउंड पाहिजे म्हणून. मला ते अर्धवट वाटतं. हेवी साउंड सहा तारांवर पण निघतो की, ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीने सत्तरच्या दशकात तारा उतरवून सगळ्या जगाला दाखवून दिलं होतं, आणि त्याची तर फॅक्टरीत दोन बोटांची टोकं गेली होती. खरं कारण जास्त क्षुल्लक असतं. एखादं गाणं वाजवायला बसावं आणि त्यातला सगळ्यात खालचा सूर आपल्या वाद्यात असूच नये, बस. जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय खाली टाकावा आणि दाणकन जमिनीवर आदळावा, तसं होतं. मग ती पायरी डोक्यातून जात नाही.

लगेच कोणी गिटार विकत घेत नाही अर्थात. आधी जुगाड होतो. मी पण पहिल्यांदा तेच केलं, सगळ्यात जाड तार, जी ई सुराला लावलेली असते, ती उतरवत उतरवत ए सुरापर्यंत आणली. आता ई म्हणजे ८२ हर्ट्झ आणि तो ए ५५, म्हणजे दोन तृतीयांश, आणि तारेचा ताण कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे ताण उरतो नऊला चार, पंचेचाळीस टक्के पण नाही. हे गणित मी फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये घोकलं होतं पण कळलं त्या दिवशी, कारण तार अक्षरशः कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबत होती, पिक मारली की फ्रेटवर फडफड फडफड आणि जरा जोरात दाबली की सूर वर पळायचा. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट, लावल्यावर तर घशात कफ झाल्यासारखा आवाज.

मग दुसरा जुगाड, जो तेव्हा बऱ्याच जणांनी केलाय. बारीक ई काढून टाकायची, उरलेल्या पाच तारा एकेक घर खाली सरकवायच्या आणि वरच्या मोकळ्या जागेत कुठूनतरी एक जाड बीची तार पैदा करून बसवायची (सात तारांच्या गिटारची जास्तीची तार सहसा बीच असते), म्हणजे सहा तारांतच बी ते बी. आयडिया उत्तम. फक्त नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा बसवायच्या पट्टीच्या, खाचा आधीच्या तारांच्या मापाच्या असतात हे मी विसरलो. कानस घेऊन घासायला बसलो, एक खाच झाली, दुसरी झाली, तिसऱ्याला नटचा टवकाच उडाला. पुढचे तीन आठवडे गिटार कॉटखाली. रूममेट म्हणाला, "अरे, गिटार शिकतोयस का सुतारकाम?"

त्या तीन आठवड्यांत वाचन मात्र भरपूर झालं, आणि गंमत म्हणजे मला जे मेटलवाल्यांचं खूळ वाटत होतं त्याचं मूळ निघालं जॅझमध्ये. जॉर्ज व्हॅन एप्स नावाच्या अमेरिकन गिटारिस्टने १९३०च्या दशकाच्या शेवटीच एपिफोन कंपनीकडून सात तारांची गिटार बनवून घेतली होती, खाली जास्तीचा ए. त्याला कुणाचं डोकं फोडायचं नव्हतं, त्याला कॉर्ड वाजवता वाजवता अंगठ्याने खालून बेस पण चालवायचा होता, पियानोवाला डाव्या हाताने करतो तसा. तो आपल्या वाजवण्याला मांडीवरचा पियानो म्हणायचा. रशियात तर त्याच्याही शंभरेक वर्षं आधीपासून सात तारांची गिटार घराघरात होती, तिचं ट्युनिंगच वेगळं, मोकळ्या तारा छेडल्या की सरळ जी मेजर. आणि ब्राझीलमध्ये शोरो नावाच्या तिथल्या संगीतातले गिटारवाले सातव्या तारेवर गाण्याच्या खालून अशी काही वळणं घेत जातात की ऐकत राहावं. म्हणजे तीन देश, तीन वेगळी संगीतं, आणि हात सगळ्यांचा खालीच जातोय.

मग १९९०ला आयबानेझ कंपनीने स्टीव्ह वाय या गिटारिस्टसाठी युनिव्हर्स नावाची गिटार काढली, दुकानात मिळणारी सात तारांची इलेक्ट्रिक गिटार म्हणून नाव झालं ते हिचं. वायचं काम म्हणजे सर्कस, चांगल्या अर्थाने, बोटं कुठून कुठे जातात कळत नाही. पण ती गिटार खरी गाजवली कोणी, तर कॉर्नच्या मंकी आणि हेड या दोन गिटारिस्टांनी, जे सोलो जवळजवळ वाजवतच नाहीत! त्यांनी तीच गिटार घेतली आणि सगळ्याच तारा अजून एक सूर उतरवल्या, बीचा ए केला, आणि त्या एका तारेवर अख्खा अल्बम उभा केला. जगातल्या सगळ्यात चपळ बोटांसाठी बनवलेलं वाद्य आणि ते घरोघरी पोचवलं ज्यांना चपळाईशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनी. मला हा किस्सा जाम आवडतो. त्याच १९९४मध्ये ड्रीम थिएटर बँडचा गिटारिस्ट पेट्रुची पण सात तारांवर वाजवत होता, पण माझ्यासारख्या पोरांना त्याचा टॅब बघूनच घाम फुटायचा, कॉर्नचा टॅब बघून वाटायचं, हे तर मला येईल. आपण ओढले जातो ते असल्या "हे तर मला येईल"वाल्या माणसांमुळे, उस्तादांमुळे फार कमी.

माझी स्वतःची सात तारांची यायला पुढे चार वर्षं गेली, नोकरी लागली, सेकंडहँड एक मिळाली, ज्याच्याकडून घेतली त्याने केससकट दिली आणि म्हणाला, "घे बाबा, मला नाही जमली." तेव्हा हसलो होतो. घरी येऊन पहिली कॉर्ड लावली साधी ई मायनर, जी मी झोपेत पण लावतो, आणि भलताच आवाज. कारण हात आयुष्यभर काय शिकलाय, तर वरून पहिली जाड तार म्हणजे ई. न बघता बोट त्या काठाला जाऊन टेकतं आणि तिथून सगळा हिशोब सुरू. आता तो काठच एक तार सरकलाय. सगळे आकार तेच, बोटं तीच, पण घराचं दार एक मजला वर गेल्यासारखं. नेक पण रुंद, सहा तारांचं नट साधारण ४३ मिलिमीटर, हिचं ४८, पाच मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही पण मनगट संध्याकाळी सांगतं. आणि तुम्ही वाजवा न वाजवा, ती बी गुणगुणत बसते, दुसऱ्या तारांच्या हादऱ्याने जागी होते. पहिला महिना माझा सगळा तिला गप्प करण्यात गेला, कधी अंगठ्याने, कधी उजव्या तळव्याच्या कडेने. सातवी तार वाजवायला शिकण्याआधी ती न वाजवायला शिकावी लागते, हे कोणी सांगत नाही.

एकदा सुट्टीत घरी गेलो तेव्हा मामा आला होता. मामा गातो, म्हणजे पेशाने बँकेत होता पण रोज सकाळी तानपुरा लावून बसणार, मिरजेचा तानपुरा, त्याला आमच्यापेक्षा जास्त जपतो. मी ॲम्प अगदी बारीक ठेवून वाजवत होतो तर मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं आता बोलणार, हे काय ढँढँ लावलंय. तर म्हणाला, "ती खालची एकटी छेड बघू. डिस्टॉर्शन का काय ते बंद कर." छेडली. "हं. खर्ज आहे की हा. मग त्यावर एवढं भांडण कशाला करतोस, टिकू दे ना त्याला." आणि मग पाऊण तास मला सतारीबद्दल सांगत बसला, की रविशंकरांच्या सतारीत खर्जाच्या जाड तारा असतात आणि विलायत खाँसाहेबांनी त्या काढूनच टाकल्या कारण त्यांना पाहिजे होती ती गायकी, आणि खाँसाहेबांच्याच घराण्यात खालच्या आलापासाठी वेगळा सुरबहार, म्हणजे मोठी, खालच्या आवाजाची सतार, वाजवतात. म्हणजे खाली तार पाहिजे का नको हा वाद आपल्याकडे रंगून झालाय, आणि दोन्ही बाजूंना केवढी मोठी माणसं! मी इंटरनेटवर सहा विरुद्ध सात अशा मारामाऱ्या वाचून आलो होतो, तिथे शिव्यांशिवाय काही नव्हतं. मामाच्या एका वाक्याने माझं वाजवणं बदललं हे खरंय, तोवर मी ती तार फक्त बडवत होतो.

आता आठ तारा. तिथे ओढून नेणारा बँड म्हणजे स्वीडनचा मेशुगा. त्यांचा २००२चा अल्बम त्यांना आठ तारांवरच करायचा होता, पण बनवून घेतलेल्या गिटारी नीट वागेनात म्हणून सात तारांच्याच तारा उतरवून रेकॉर्ड केला, आणि नंतर २००६मध्ये गिटार परत आठ तारांवर वाजवून तोच अल्बम पुन्हा काढला. हे वाचलं तेव्हा मला माझा टवका उडालेला नट आठवला आणि फार बरं वाटलं. २००७ला आयबानेझने आठ तारांची आरजी२२२८ काढली, सत्तावीस इंची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. नेहमीची साडेपंचवीस असते. हा दीड इंच म्हणजे काय, तर तीच तार, तोच सूर, पण ताण बाराएक टक्के जास्त, म्हणजे वाळत घालायच्या दोरीची पुन्हा तार होते. पुढे ॲनिमल्स ॲज लीडर्स बँडचा गिटारिस्ट तोसिन अबासी आला आणि त्याने आठ तारांवर अंगठ्याने बेसवाल्यासारखं थंप करायला सुरुवात केली, मग तर कॉलेजची पोरं डायरेक्ट आठलाच हात घालायला लागली. सात ही मधली पायरी त्यांना माहीतच नाही.

यात खरा अन्याय होतो बेसवाल्यावर. साध्या आठ तारांची खालची एफ शार्प म्हणजे ४६ हर्ट्झ, बेस गिटारची सगळ्यात खालची ई ४१. एका सुराचं अंतर फक्त! आमच्या बँडचा बेसिस्ट पहिल्या जॅमलाच वैतागला होता, माझ्या सातवर, "तू माझ्या खोलीत राहायला आलायस आणि भाडं पण देत नाहीस." आणि बरोबर होतं त्याचं, दोघं एकदम वाजवलं की जॅमरूममध्ये नुसता चिखल, भिंती हलतायत पण सूर कुठला हे कळत नाही. शेवटी मला ॲम्पचा बेस निम्म्यावर आणावा लागला. जड तार घ्यायची आणि मग तिचा जडपणाच कापायचा, वेडेपणाच आहे, पण बँडमध्ये ती तशीच ऐकू येते. कॉर्नच्या बेसिस्टने यातून वेगळीच वाट काढली असं माझं मत, पाच तारांचा बेस, तो पण उतरवलेला, आणि आवाज असा टकटक करणारा की गिटारच्या चिखलातून वर येतोच.

तो प्रिंट अजून केसमध्ये आहे, घड्यांवर फाटलाय. सात तारांची आली त्या आठवड्यात मी तो समोर ठेवून मोठ्या थाटात वाजवायला बसलो होतो. टॅबच चुकीचा होता. सातव्या रेघेवरचे आकडे एक फ्रेट वर टाइप केलेले. चार वर्षं मी डोक्यात जे वाजवत होतो ते गाण्यात नव्हतंच कधी, आणि खोटं कशाला बोलू, मला अजूनही ते चुकलेलंच जास्त आवडतं.

परवा कोणीतरी नऊ तारांच्या गिटारचा व्हिडिओ पाठवला. खालची सी शार्प, ३५ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बेसच्या पण खाली. मी तो बेसिस्टला फॉरवर्ड केला. दोन दिवस उत्तर नाही. काल रात्री आलं, "तबल्याचा क्लास लावलाय."