न दिसणाऱ्या चेंडूने काढलेला घाम

"मामा, जपानात पीटीच्या तासाला मोबाईल गेम खेळतात, खरं?"

जपानातून गोव्यात, साखळीला सुट्टीवर येऊन अर्धा दिवस झाला नाही तोच भाच्याने विचारलं. ही बातमी आईने फोडलेली. मागे एकदा व्हिडिओ कॉलवर तिने मला डोक्याला फोन बांधलेला पाहिलं होतं आणि "सायबा! ह्यासाठी तिथे गेलास?" म्हणाली होती.

तर गोष्ट अशी. जपानच्या विद्यापीठांत १९९१ पर्यंत शारीरिक शिक्षण सगळ्यांना सक्तीचं होतं. मग नियम सैल झाले आणि विषय ठेवायचा की नाही, हे ज्या त्या विद्यापीठावर सोडलं गेलं. आमच्याकडे तो अजून आहे, आणि मी पीएचडी सांभाळून त्या तासाला मदतनीस म्हणून उभा राहतो. बॅडमिंटन, टेबल टेनिस आणि यंदा हादो.

हादो हा ऑगमेंटेड रिॲलिटीचा, म्हणजे समोरच्या खऱ्या जागेत फोनच्या पडद्यावर खोटे चेंडू दाखवणारा खेळ, टोकियोच्या मीलीप कंपनीने काढलेला. तीन विरुद्ध तीन. डोक्यावर फोन बसवलेला पट्टा, हाताला सेन्सर. हात पुढे झोकला की चेंडू सुटतो, खालून वर उचलला की ढाल उभी राहते. कोर्टाच्या टोकांना भिंतींवर मोठी चित्रं लावलेली असतात. फोनचा कॅमेरा ती पाहून तुम्ही कुठे आहात हे ओळखतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सहा माणसं हवेत हातवारे करत, मध्येच गुडघ्यात वाकत, पळताना दिसतात. अंगात आल्यासारखी.

पहिल्या दिवशी मीही मनात हसलो. मग उतरलो. हात झोकण्यात काही दम लागत नाही. जीव जातो तो चुकवण्यात. समोरून तीन जण मारताहेत, चेंडूला वजन नाही, लागला तर दुखणारही नाही, तरी शरीर खाली बसतंच. बसा, उठा, बाजूला सरका, परत बसा. गावात कोणी मला इतक्या उठाबशा काढायला लावल्या असत्या तर मी भांडलो असतो.

तासाला आम्ही दोन गोष्टी लिहून घेतो. एक, मनगटावरचं घड्याळ दाखवतं ते हृदयाचे मिनिटाचे ठोके. दुसरी, स्वतःला किती कष्ट वाटले. त्यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची पट्टी आहे. तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण ठोके निघावेत, अशी तिची मांडणी. मी सांगितलं १२. घड्याळ म्हणालं १४८. वय ३१, म्हणजे २२० वजा वयाच्या ढोबळ हिशेबाने माझ्या ठोक्यांची कमाल मर्यादा १८९. त्याच्या पाऊण हिश्शाहून जास्त जोर लावून मी "ठीक आहे, फार नाही" असं लिहून मोकळा झालो होतो. बॅडमिंटनच्या तासाला माझं असं होत नाही. तिथे दमलो की दमलो असंच वाटतं.

पण हिशेब इथे संपत नाही. एक सामना ८० सेकंदांचा. नव्वद मिनिटांच्या तासात पट्टे बांधा, सोडा, पुसा, फोन तापला म्हणून थांबा. एकेकाच्या वाट्याला सात सामने आले तरी खेळ साडेनऊ मिनिटांचासुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. यंत्राच्या कौतुकात ही गोष्ट कोणी काढत नाही, म्हणून मी काढतो. आणि लगेच आठवते ती आमच्याकडची एक मुलगी. लहानपणी तोंडावर चेंडू बसल्यापासून ती प्रत्येक खेळात कडेला उभी असायची. हादोत ती सर्वांत पुढे, ओरडत.

भाच्याला हे ऐकण्यात रस नव्हता. त्याला माझं घड्याळ हवं होतं. ते मनगटावर आवळून तो संध्याकाळी वाळवंटी नदीच्या बाजूला पोरांबरोबर लगोरी खेळायला गेला. मे महिन्याचा उकाडा, अंगाला चिकटलेला शर्ट. पाच वाजता सुरू झालेला खेळ आजीने दिवेलागणीला हाक मारली तेव्हाही चालूच होता.

घड्याळ पाहिलं. १६३.

"किती दमलास?"

"कुठे दमलो? अजून दोन डाव राहिलेत, तूच सांग आजीला."