दोन हजाराचं इंजिन

यंदा जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सोलापूरला आलो होतो तेव्हा जे झालं ते लिहायचंच असं विमानातच ठरवलं होतं, पण इकडे परत आल्यावर बॅगा उपसणं, लेकीची शाळा, ऑफिसच्या तुंबलेल्या मेल्स यात तीन आठवडे कुठे गेले कळलंच नाही. तर आता लिहिते.

आधी थोडं मागचं सांगते. माझ्या नवऱ्याला रेल्वेचं वेड आहे. म्हणजे प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाड्या बघायच्या तसलं नाही (तेही आहे म्हणा), छोट्या रेल्वेचं, मॉडेल ट्रेनचं. आणि आम्ही राहतो स्टुटगार्टजवळ, म्हणजे दारुड्याचं घर गुत्त्याशेजारी. इथून तासाभराच्या आत ग्योपिंगन लागतं, तिथली मेर्कलिन कंपनी 1859 पासूनची. सुरुवातीला बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची पत्र्याची भांडीकुंडी बनवायचे हे लोक, मग 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी चावीवर चालणारी रेल्वे मांडली आणि रुळांची ठराविक मापं ठरवून दिली. थोडक्यात, मुलींना भातुकली विकणाऱ्यांनी पुरुषांना भातुकली विकायला सुरुवात केली. हे वाक्य माझं, नवऱ्याला ते अजिबात आवडत नाही.

इथल्या बिल्डिंगींना खाली केलर असतं, तळघर, प्रत्येक फ्लॅटला एकेक खोली. लोक त्यात सायकली, बटाटे, वाईन असलं काहीबाही ठेवतात. आमच्यात कुर्डुवाडी आहे.

खरं तर त्याला आधी सोलापूर स्टेशनच करायचं होतं पण मापातच घोडं अडलं. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एक भागिले सत्त्याऐंशी, त्याला साडेसोळा मिलिमीटरचा रूळ असतो, आणि तो युरोपातल्या 1435 मिलिमीटरच्या खऱ्या रुळाला बरोबर जुळतो. आपलं ब्रॉडगेज पडलं 1676, म्हणजे त्याला एकोणीस मिलिमीटरच्या वर रूळ पाहिजे, तो तयार मिळत नाही. यावर हा माणूस दोन महिने सुतकी चेहऱ्याने वावरत होता. मग एका रात्री साडेअकराला मला उठवून सांगतो, अगं बार्शी लाईट! 762 भागिले 87, पावणेनऊ! आणि नऊचा रूळ बाजारात मिळतो! मला वाटलं घरात गॅस लीक झाला.

बार्शी लाईट म्हणजे आपल्याकडची ती अडीच फुटी छोटी रेल्वे, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, सांगतील. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने ती बांधली, 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी, 1906 ला पंढरपूरपर्यंत, मग इकडे लातूर तिकडे मिरज. (याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट तयार केलं. ही माहिती मी स्वतःहून मिळवलेली नाही, जेवताना ऐकलेली आहे, अनेकदा.) आता तिथे सगळं ब्रॉडगेज झालंय. माझे सासरे, अण्णा, त्या छोट्या गाडीवर बरीच वर्षं गार्ड होते आणि नवऱ्याचं लहानपण कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, त्यामुळे हे वेड कुठून आलं याचा शोध घ्यायला लांब जायला नको. 2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, अण्णांना ते मान्य नाही, पण तो वेगळा विषय.

तर सहा वर्षं झाली, केलरमध्ये कुर्डुवाडी, मोडनिंब आणि पंढरपूर आहे. कुर्डुवाडी ते पंढरपूर खरं अंतर पन्नासेक किलोमीटर, ते मापात काढायचं तर साडेपाचशे मीटरच्या वर टेबल लागेल, आमचं केलर तीन बाय तीन. त्यामुळे मोडनिंब सुटलं की लगेच भीमा नदी.

आता मुद्द्याचं. मला लोक दोनच प्रश्न विचारतात. इथले मराठी ग्रुपवाले विचारतात, तू चिडत नाहीस का, आणि जर्मन लोक विचारतात, तूही करतेस का बरोबर. माझं उत्तर दोन्हीला नाही. मला ट्रेन आवडत नाही. सुरुवातीला आवडते असं दाखवलं, लग्न नवीन होतं, पण एका माणसाने दुसऱ्या माणसाला तिसऱ्यांदा सिग्नलची वायरिंग समजावून सांगायला लागल्यावर नाटक टिकत नाही हो. एकदा मात्र मी कामाला लागले. पंढरपूर म्हटल्यावर वारकरी पाहिजेत, आणि इथे दुकानात मिळणारे दोन सेंटिमीटरचे प्लॅस्टिकचे पुतळे म्हणजे बव्हेरियन शेतकरी, डोक्यावर पिसाची टोपी आणि चामड्याची चड्डी. तेवढे चौदा जण मी नेलपॉलिशच्या ब्रशने पांढरे केले, ब्लेडने टोप्या तासल्या, दोघांच्या हातात भगवा दोरा चिकटवून पताका केल्या. बदल्यात महिनाभर भांडी त्याने घासली. त्यातल्या एकाच्या मांडीवर अजून चामड्याच्या चड्डीचा पट्टा दिसतो, पण पांडुरंग चालवून घेईल.

वेळेवरून भांडणं झाली, नाही असं नाही. आमच्याकडे केरवोखे असते, म्हणजे ज्या आठवड्यात तुमचा नंबर त्या आठवड्यात जिना तुम्ही पुसायचा, आणि इथल्या स्वाबियन लोकांना हा जिना देवासारखा. आमच्या पाळीच्या शनिवारी हा खाली मोडनिंबला गेला की मी वर पोछा मारतेय आणि पहिल्या मजल्यावरची आजी दारातून बघतेय. हे काहीतरी ठरवून मिटलं. जागेवरूनही मिटलं, चादर सोडून. माझ्या आईने लग्नात दिलेली सोलापुरी चादर, मोरपंखी, जाड, दुकानातून नव्हे तर ओळखीच्या मागावाल्याकडून मुद्दाम आणलेली, ती मी दोन हिवाळे शोधत होते. ती खाली कुर्डुवाडीवर पांघरलेली सापडली, धूळ बसू नये म्हणून, आणि कोपऱ्यावर फेव्हिकॉलसारखं काहीतरी वाळून कडक झालेलं. त्या दिवशी मी काय बोलले ते लिहीत नाही, माझी आई हा ब्लॉग वाचते.

आणि फिरायला जाणं म्हणजे काय, तर लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला ऑस्ट्रिया. मी खूश. तिथे गेल्यावर कळलं की त्सिलरटालबान नावाची 760 मिलिमीटरची छोटी रेल्वे तिथे अजून चालते, वाफेच्या इंजिनाची फेरीही असते, आणि आपल्या बार्शीच्या मापात फक्त दोन मिलिमीटरचा फरक. डोंगर छान होते, खोटं कशाला बोलू. हॅम्बुर्गला मिनिआतुर वुंडरलांड बघायला नेलं तेव्हा मात्र मलाही मजा आली. दोन जुळ्या भावांनी 2001 मध्ये जुन्या गोदामांच्या वस्तीत उघडलेलं जगातलं सगळ्यात मोठं मॉडेल रेल्वेचं विश्व, त्यात एक विमानतळ आहे, खेळण्यातली विमानं खरंच धावपट्टीवर धावतात आणि वर जातात. मी विमानतळापाशी तासभर उभी होते. नवऱ्याने त्याचा फोटो काढून ठेवलाय, पुरावा म्हणून.

त्याच्याकडे युक्तिवाद तयार असतात. बव्हेरियाचा माजी मुख्यमंत्री होर्स्ट जेहोफर, त्याच्या तळघरात रेल्वे आहे. गायक रॉड स्ट्युअर्टने वीसेक वर्षं खपून अख्खं अमेरिकन शहर बांधलं, 2019 मध्ये जगाला दाखवलं, कार्यक्रमांच्या दौऱ्यावर असताना हॉटेलात या कामासाठी वेगळी खोली घ्यायचा म्हणे. मी म्हटलं तू आधी त्याच्यासारखं गा.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे, ती म्हणजे किंमत. किती खर्च करतो हे नाही, आम्ही दोघं कमावतो, तो दारू पीत नाही, कार जुनी वापरतो. तक्रार ही की खरी किंमत सांगत नाही. सगळं सेलमध्ये मिळालेलं असतं. सगळं कुणीतरी जवळजवळ फुकटच दिलेलं असतं. डबे दोन मागवले तर एक आधीचाच होता. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर. आणि हे फक्त आमच्याकडे नाही बरं का, इथे बाकीच्या बायका भेटल्या की कळतं, एकीच्या नवऱ्याने रिकामे खोके शेजाऱ्याच्या कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले होते!

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका गावात ब्योर्झेला गेलो होतो, जुन्या मॉडेल रेल्वेचा बाजार, एका हॉलमध्ये लांबच लांब टेबलं. एका टेबलामागे सत्तरीच्या बाई, नवरा गेलेला, त्याचा संग्रह विकायला मांडलेला. प्रत्येक खोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात आकडा होता, त्याने लिहिलेला, खरेदीची किंमत. बाई म्हणाल्या, हे आकडे मी गेल्यावर्षी पहिल्यांदा बघितले. आणि ज्यावर 280 लिहिलंय ते त्या 60 ला देत होत्या, कारण घेणारी पिढीच म्हातारी होत चाललीय, तरुण पोरं फिरकत नाहीत, भाव पडलेत. नवऱ्याने एक डबा घेतला. घरी येताना गाडीत मी सांगितलं, पेन्सिलीने लिहू नकोस, तोंडाने सांग. हो म्हणाला.

आणि जानेवारीत सोलापूर. जत्रेतला अक्षता सोहळा झाला, होम मैदानावर लेकीला पाळण्यात बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी जुळे सोलापूरच्या घरी हुरडा, शेंगदाण्याची चटणी, सगळे जमलेले. नवऱ्याने हॅन्डबॅगेतून डबी काढली. त्यात त्याचं लाडकं इंजिन, ऑस्ट्रियन मॉडेल विकत घेऊन वर्षभर बसून बार्शीचं केलेलं, काळा रंग, आतून छुकछुक आवाज येणारी चिप. नुसतं इंजिन तीनशे वीस युरो, म्हणजे आपले तीस हजार, वरची मेहनत वेगळी. अण्णांना दाखवायला आणलेलं.

सासूबाईंनी विचारलं, "केवढ्याला रे हे?"

"दोन हजार."

मी हुरडा खाता खाता थांबले. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"दोन हजार! खेळण्याला!" सासूबाई म्हणाल्या, "चादरीची जोडी आली असती बघ." चादरीचं नाव निघाल्यावर तर माझ्या तोंडावर आलं होतं, पण सगळ्या घरासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं म्हणजे, जाऊ दे म्हटलं.

अण्णा भिंग घेऊन आले, पेपर वाचायचं. इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, मोबाईलवर केलरचे फोटो बघितले, एकेक मोठा करून, पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इंजिन हाय, डबे हायत, सिग्नल हाय. ब्रेकव्हॅन कुठाय?"

नवरा गप्प.

"गार्ड कुठं बसायचा बे?"

सहा वर्षं! गार्डाचा मुलगा, आणि गाडीला गार्डाचा डबाच नाही. मला इतकं हसू आलं की स्वयंपाकघरात पळाले. तिथे सासूबाई भाकरी थापत होत्या, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझा खाली तळघरात तरी असतोय. आमच्या दारात रात्री दोनला कॉलबॉय यायचा सायकलवर, ड्युटीला बोलवायला, कडी वाजवायचा, वहीत सही घ्यायचा, कंदील मी धरायची. सणवार काय बघितलं नाही त्या रेल्वेनं. दिवाळीला गेले ते भाऊबीज झाल्यावर आले एकदा." भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "रिटायर झाले त्या दिवशी मी शिरा केला."

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात बाहेरून नणंदेच्या पाच वर्षांच्या पोराचा आवाज, मामा मला, मामा मला. आणि सासूबाई आतूनच ओरडल्या, "दे की रे त्याला! दोन हजाराचं तर हाय!"

मी दारात येऊन उभी राहिले. असा प्रसंग आयुष्यात परत येत नाही. नवरा त्या पोराकडे बघतोय, आईकडे बघतोय, शेवटी माझ्याकडे बघतोय, आणि मी छताकडे. तोंड उघडावं तर तीस हजार बाहेर पडतात. दिलं त्याने. पोराने ते शहाबादी फरशीवर ठेवलं, तळहाताने दाबलं आणि झुकझुक करत पलंगाखालून दरवाज्यापर्यंत, परत पलंगाखाली, मग पलंगाच्या पायाला. टक् असा बारीक आवाज आला. चाकांना जोडणारी दांडी, टाचणीएवढी असेल, ती वाकून बाहेर आली आणि पुढचा हुक कुठे उडाला तो रात्री साडेदहापर्यंत टॉर्च घेऊन शोधत होतो. केरसुणीत सापडला.

परतीच्या प्रवासात फ्रँकफर्टपर्यंत मी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. बाईमाणसाला एवढा संयम सहसा जमत नाही, मी नोंद करून ठेवते.

परवा पार्सल आलं, घरच्या पत्त्यावर. ब्रेकव्हॅन. नवऱ्याने माझ्यासमोर फोडलं आणि मी न विचारता म्हणाला, "एकशे अठरा युरो." सेल नाही, काही नाही, सरळ. आणि खरं सांगू का, मला आधी कधी आला नव्हता एवढा राग आला. एकशे अठरा! एका डब्याला, ज्याला इंजिन पण नाही, दिवा पण लागत नाही!

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. अण्णांनी भिंग फोनला लावून डबा बघितला, दार कुठल्या बाजूला पाहिजे ते सांगितलं (चुकीच्या बाजूला आहे). मग मागून सासूबाईंनी डोकं घातलं.

"केवढ्याला पडला रे?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"आठशे, आई," मी म्हटलं.