मण्यार, दहा व्हायल आणि अंगठ्याची भाषा

पावसाळा लागला की आमच्याकडं आयसीयूत सापाच्या केसेस सुरू होतात, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, सगळीकडनं. नाग चावला तर निदान कळतं तरी, मण्यारीचं तसं नाही. रात्री झोपेत चावते, सूज नाही, दुखणं नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही. हा तिशीतला पोरगा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, घर पन्हाळ्याकडं, खाली अंथरूण टाकून झोपलेला. बायको सांगत होती, "पहाटं पोटात दुखालंय म्हणून उठला ओ सिस्टर, मी ओवा दिलो, पित्त वाटलं." आमच्याकडं येईपर्यंत पापण्या खाली आलेल्या, बोलणं जड, लाळ गिळता येईना. आमच्या इनचार्ज सिस्टर त्याला एवढंच म्हणाल्या, "डोकं उशीवरनं उचल बघू." उचलेना. मान गेली म्हणजे आता श्वासाचा नंबर, त्यांनी तिथनंच ओरडून सांगितलं, व्हेंटिलेटर चेक करा, सक्शन चालू करा, आरएमओ डॉक्टर पोचले तेव्हा श्वासनळीत घालायच्या ट्यूबची सगळी तयारी ट्रेमध्ये मांडलेली होती.

खरी पळापळ पुढं. सापाचं औषध म्हणजे एएसव्ही पावडरमध्ये येतं, प्रत्येक व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, दहा मिली पाणी घालून विरघळवायचं आणि जोरात हलवायचं नाही, फेस होतो, हाताच्या तळव्यात हळूहळू फिरवत बसायचं. पहिल्या डोसला दहा व्हायल. एकटी सिस्टर हे करत बसली तर पेशंटकडं कोण बघणार? मग फार्मसीतला दादा व्हायल घेऊन वर आला तो तिथंच थांबला, ट्रेनिंगच्या दोन पोरी, फिजिओ मॅडम, सगळे गोल करून व्हायल फिरवतायत, वॉर्डबॉय मामा हातानं श्वास द्यायची अँब्यू बॅग दाबतायत कारण व्हेंटिलेटरची ट्यूब अजून जोडायची होती, आणि मी ड्रिप लावते आहे. कुणी कुणाला हे माझं काम नाही असं म्हटलं नाही. (एरवी म्हणतात. बेडशीटवरनं सुद्धा भांडणं होतात आमच्यात.)

ड्रिप सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि ट्रेनिंगची पोरगी घाबरत घाबरत म्हणाली, "सिस्टर, छातीवर लाल कायतरी उठलंय." बीपी पडायला लागलेलं. एएसव्हीची रिॲक्शन. अ‍ॅड्रेनलिन आधीच भरून ठेवलेलं, डॉक्टर म्हणाले "अर्धा मिलिग्रॅम, मांडीत", मी तेच शब्द परत मोठ्यानं म्हणून दिलं, पोरीनं घड्याळ बघून वेळ लिहिली. ड्रिप थांबवली, बीपी सावरल्यावर हळू स्पीडनं परत चालू. ती पोरगी गप्प बसली असती तर? नवीन माणसाला आयसीयूत बोलायची भीती वाटते, म्हणून आमच्या इनचार्ज मुद्दाम नवीन पोरींना पेशंटच्या डोक्याशी उभं करतात.

दुसऱ्या दिवशी तो पूर्ण लुळा. डोळे उघडून टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्या, उजेडाला हलत नाहीत. नवीन आरएमओंचा चेहरा पडला, नातेवाइकांत कुजबुज सुरू, एक काका तर म्हणाले, गाडी बोलवा, घरी नेऊया, मेंदू गेला. इनचार्ज सिस्टर मध्ये पडल्या, "मण्यारीत असं दिसतंय काका, सर येऊ द्यात." सरांनी राउंडला नीट समजावलं, विष नसांच्या टोकांवर बसलंय, ती टोकं परत तयार व्हायला दिवस लागतात, एएसव्ही झालेलं नुकसान भरून काढत नाही, तोवर श्वास मशीन घेईल. आणि मेंदू शाबूत आहे, त्याला ऐकू येतं. झोपेचं औषध चालू ठेवलं, आणि सरांचा हुकूम, हात लावायच्या आधी सांगायचं.

फिजिओ मॅडम पाय हलवताना थांबल्या. उजव्या पायाचा अंगठा किंचित हललेला. "परत हलव दादा." हलला. मग ठरलं, हो असेल तर एकदा, नाही तर दोनदा. हे कागदावर लिहून पायाशी चिकटवलं, सगळ्या शिफ्टसाठी, सफाईच्या मावशींसाठी सुद्धा. दुखतंय का, पाठ वळवू का, सगळं अंगठ्यानं चालू झालं. पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या म्हणून डोळ्यांत मलम आणि वर पट्टी, दर दोन तासांनी कुशी बदलणं, ते मामा आणि आम्ही. बायकोला पण आत घेतलं, ती उसाचा हप्ता, म्हशीचं दूध सगळं सांगायची आणि अंगठा हलायचा. माझ्या मते त्याच्या बीपीवर निम्मा असर त्या म्हशीचा होता.

हळूहळू पापण्या उघडल्या, मग मान, मग श्वास, एक दिवस ट्यूब निघाली. आवाज घोगरा. आम्ही सगळे बेडभोवती, आता काय बोलतोय म्हणून. नाइट शिफ्टचे मामा फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीचे कट्टर आणि ब्रदर खंडोबा तालमीचा, दोघं कुशी बदलताना शाहू स्टेडियमवरच्या जुन्या मॅचवरनं भांडायचे. झोपेच्या औषधातनं सुद्धा याला ते ऐकू गेलेलं. मामांकडं बघून म्हणतो कसा, "मामा, पेनल्टी नव्हतीच ती." मामा ट्रॉली तिथंच सोडून भांडायला उभे.