जंत का अ‍ॅलर्जी? माझा अनुभव (आणि ती स्टूल टेस्टची खिडकी)

सगळ्यात आधी एक सांगतो, बाकीचं मागनं. इओसिनोफिल (रक्तातल्या एक जातीच्या पांढऱ्या पेशी) वाढलेत म्हणून डॉक्टरांनी स्टूल टेस्ट लिहून दिली असेल तर सॅम्पल शनिवारी देऊ नका. लॅबचा बोर्ड कितीबी मोठा असू दे, शनिवारी देऊ नका. का ते पुढं येतंय, माझं डोकं अजून त्यावरनं गरम आहे.

शिंका आणि नाक गळणं माझं जुनंच. गोकुळ शिरगावला फौंड्रीत स्टोअरला आहे, तिथली धूळ म्हणून कधी मनावर घेतलं नाही. खरं यंदा पाऊस सरल्यावर अंगावर गांध्या उठायला लागल्या, रात्रभर खाज, कोरडा खोकला आणि दोन जिने चढलो की दम. आमची ही म्हणाली आता तरी दाखवा, मग छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. रक्त तपासलं तर इओसिनोफिल १८ टक्के, अ‍ॅब्सोल्यूट काउंट १९०० च्या वर (५०० पर्यंत नॉर्मल धरतात), टोटल आयजीई (रक्तातलं एक प्रतिपिंड) हजाराच्या पुढं आणि हिमोग्लोबिन साडेदहा. मला वाटलं आता अ‍ॅलर्जीची टेस्ट करतील, स्टेरॉइडचा छोटा कोर्स देतील, विषय संपला. डॉक्टर म्हणाले, "थांबा जरा. शेती आहे का? अनवाणी जाता का रानात?"

आता करवीर तालुक्यात ऊस असलेल्या माणसाला हे काय विचारायचं. लाइट येणार रात्री, तेव्हा पाणी पाजायला जायचं, चिखलात चप्पल रुतती म्हणून बांधावर काढून ठेवायची. होय म्हणालो.

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागं काढून दाखवलं ते मला लई आवडलं, म्हणून जमेल तसं लिहितो. जंत हा जिवाणूसारखा बारका नसतो, त्याला कुठली पेशी गिळू शकत नाही. म्हणून शरीर त्याच्यासाठी वेगळी तयारी करतं. इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ असे पेशींचे एकमेकींना निरोप सुटतात, त्यानं आयजीई तयार होतं, इओसिनोफिल वाढतात, आतडं जास्त चिकट पाणी सोडतं, एकूण काय तर जंताला चिकटू द्यायचं नाही, बाहेर ढकलायचं. आणि अ‍ॅलर्जी म्हणजे हीच सगळी यंत्रणा, फक्त जंताच्या जागी धुळीतला माइट (डोळ्याला न दिसणारा बारका किडा) नाहीतर परागकण बघून सुरू झालेली. म्हणजे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरनं जंत का अ‍ॅलर्जी हे सांगता येत नाही, दोन्हीत तेच आकडे वाढतात. (आयजीई १९६० च्या दशकात सापडलं, इशिझाका नवरा-बायकोनं अमेरिकेत आणि त्याच सुमाराला स्वीडनमध्ये दुसऱ्यांनी. त्याआधी ह्या सगळ्याला काय म्हणत असतील कुणास ठाऊक.)

आणि स्टेरॉइड लगेच का दिलं नाही तर स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक जंत आहे, तो माणसाच्या आतच पिढ्या वाढवत वर्षानुवर्षं राहतो, माणसाला पत्तासुद्धा नसतो. त्यात स्टेरॉइड दिलं की प्रतिकार दबतो आणि अळ्या अंगभर पसरतात, माणूस दगावू शकतो. म्हणून आधी स्टूल, आणि तीही तीन वेगवेगळ्या दिवशी, कारण अंडी आणि अळ्या रोज सारख्या पडत नाहीत. इथपर्यंत सगळं एका सकाळीत झालं, कुठं अडलं नाही.

आता खिडकी.

मी सरळ माणूस, एकदाच तीन टेस्टचे पैसे भरतो म्हणालो. काउंटरवरची पोरगी म्हणाली सॉफ्टवेअर घेत नाही, एका बिलावर एक टेस्ट एकदाच पडती. बरं, तीन बिलं करा. नाही, एका चिठ्ठीवर एकच बिल. म्हणजे डॉक्टरांकडनं तीन चिठ्ठ्या आणायच्या, आणि डॉक्टर संध्याकाळी बसतात. चिठ्ठीवर त्यांनी स्पष्ट "तीन दिवस" लिहिलेलं, ते बोट ठेवून दाखवलं तर म्हणती, "काका, ते आमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी लिहिलंय." चाळिशीचा माणूस मी, काका. असू दे.

सॅम्पल घ्यायची वेळ सकाळी आठ ते दहा. माझी शिफ्ट आठची. लाइन एकच, त्यात उपाशीपोटी शुगरला आलेली म्हातारी माणसं वैतागून उभी, आणि आपण हातात काळी पिशवी घेऊन. मग आतनं ओरडणार, "स्टूलवाले कोण आहेत, स्टूलवाले पुढं या!" सगळी लाइन वळून बघती. एकदा तर गल्लीतलेच एक मामा निघाले, म्हणाले, "काय वं, पोट बिघडलंय?" मी म्हटलं होय, आणि काय सांगणार.

(डबी मेडिकलमधनं रुंद तोंडाची घ्या. सुपारीएवढं सॅम्पल बास होतंय, लघवी मिसळू देऊ नका. आणि सॅम्पल द्यायच्या आधी कुणी सांगितलं म्हणून जंताची गोळी खाऊन मोकळं होऊ नका, मग काहीच दिसत नाही आणि कोडं तसंच राहतं.)

पहिला रिपोर्ट आला, काही दिसलं नाही. दुसरं सॅम्पल मला सुट्टी म्हणून शनिवारी दिलं. आता आपल्याला वाटतं खिडकीच्या आत लॅब आहे, तसं नसतं, ते नुसतं कलेक्शन सेंटर, तपासणी दुसरीकडं. शनिवारी दुपारनंतर गाडी जात नाही, रविवार बंद. म्हणजे माझी डबी सोमवारपर्यंत तिथंच. कुठल्या कोपऱ्यात, कुणाला माहीत. मंगळवारी रिपोर्ट, "लार्व्हा दिसल्या". बास, एवढंच. कसल्या लार्व्हा, म्हणजे अळ्या, ते नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि कपाळाला हात लावला. हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी, त्याची पोटातनं अंडीच पडतात. ताज्या सॅम्पलमध्ये अंडीच दिसायला पाहिजेत. खरं सॅम्पल दिवसभर उबेत पडून राहिलं तर अंडी फुटून अळ्या बाहेर येतात. आणि स्ट्राँगिलॉइडिसच्या मात्र ताज्या सॅम्पलमध्येच अळ्या असतात. म्हणजे माझ्या डबीतल्या अळ्या ह्याच्या का त्याच्या? एकाला साधी अल्बेंडाझोल चालती, दुसऱ्याला आयव्हरमेक्टिन लागतं आणि स्टेरॉइड तर जिवावरचं. बघणाऱ्यानं नीट बघितलं तर अळीच्या तोंडाच्या लांबीवरनं ओळखता येतं म्हणे, खरं तसं बघून लिहिलंय कुणी?

परत खिडकी. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय की, मग परत कशाला करायचं?" मी सगळं समजावलं, अंडी, अळ्या, शनिवार, सोमवार. मागची लाइन आवडीनं ऐकत होती. ती म्हणाली रिपोर्टवर सॅम्पलची वेळ सोमवारची आहे, म्हणजे ताजंच होतं. मी शनिवारचं बिल दाखवलं. तर ते बिल, वेळ वेगळी असती. ज्यांची सही आहे त्यांच्याशी बोलायचंय म्हटलं तर मॅडम इथं नसतात, फोन नंबर देत नाही, मेल करा. मेल केला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

ह्या असल्या बसण्यात मी मोबाइलवर लई वाचलं, कारण तेवढ्यात चुलतभावाचा मेसेज आलेला, "जंत पोटात असले की अ‍ॅलर्जी होत नाही, परदेशात मुद्दाम सोडून घेतात, तू घालवू नको." ह्यात अर्धं खरं आहे ही पंचाईत. टर्टन नावाच्या एका संशोधकानं १९७६ साली लिहिलंय की त्यानं स्वतःला हुकवर्म लावून घेतला आणि त्याची परागकणांची सर्दी कमी झाली. १९८९ ला स्ट्रॅचननं ब्रिटनमधली १७ हजारांवर मुलं बघितली, ज्या घरात भावंडं जास्त तिथं ती सर्दी कमी, तिथनं अतिस्वच्छतेमुळं अशा तक्रारी वाढतात ही कल्पना निघाली. २००० साली आफ्रिकेत गॅबॉनमधल्या शाळकरी पोरांत दिसलं की शिस्टोसोमा जंत असलेल्यांना माइटची स्किन टेस्ट (कातडीवर टोचून बघतात ती) कमी पॉझिटिव्ह येती, आणि पुढं २००४ ला औषध देऊन जंत घालवले तर ती वाढली. कारण असं की जंताला आपल्या अंगात वर्षानुवर्षं राहायचं असतं, तो इंटरल्यूकिन १० आणि रेग्युलेटरी टी पेशी (प्रतिकाराला आवर घालणाऱ्या) वाढवून आपला प्रतिकार शांत करतो, त्यात अ‍ॅलर्जीपण शांत होती.

खरं पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही. २०१० ला दम्याच्या पेशंटना मोजून हुकवर्म लावून बघितले, म्हणण्यासारखा फरक नाही. डेन्मार्कमध्ये डुकराच्या जंताची अंडी पाजली, शिंका तशाच. इक्वाडोरमध्ये पोरांना वर्षभर जंताचं औषध दिलं, अ‍ॅलर्जी वाढली नाही. २००६ ला सगळे अभ्यास एकत्र केले तर हुकवर्म असणाऱ्यांत दमा कमी, आणि आपल्या साध्या गोल जंतानं, अ‍ॅस्कॅरिसनं, दमा उलट जास्त. जंत जंत म्हणून सगळे एकाच पिशवीत घालता येत नाहीत. चुलतभावाला एवढं सगळं टाइप करून पाठवलं, त्यानं अंगठा पाठवला.

सुटलं कसं, तर नशिबानं. आतला एक तरुण टेक्निशियन रोज माझी बडबड ऐकत असणार, तो बाहेर येऊन हळूच म्हणाला, "दादा, इथं देऊच नका. उद्या सकाळी थेट मेन लॅबला या, तासाच्या आत माझ्या हातात द्या." दिलं. त्यानं लगेच स्लाइड लावली आणि मलापण बघू दिलं, पातळ कवचाचं लांबट गोल अंडं, आत मोजक्या पेशी. हुकवर्म. अळी एकपण नाही. खरं सांगतो, आपल्या पोटात जंत आहे हे कळून एवढा आनंद झालेला माणूस त्या लॅबनं बघितला नसेल. नंतर अजून एक ताजं सॅम्पल दिलं, त्यातपण अंडीच. शनिवारच्या टेस्टचे पैसे काही परत मिळाले नाहीत.

पुढं काय नाही, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम आणि लोहाच्या गोळ्या, कारण तो जंत आतड्याला धरून रक्त पितो आणि माझं हिमोग्लोबिन साडेदहा त्यानंच झालेलं. अळ्या पायातनं शिरून फुफ्फुसातनं वर येऊन मग आतड्यात जातात, म्हणून खोकल्याचा संशयपण डॉक्टरांनी त्या अळ्यांवरच घेतला. खाज गेली, खोकला गेला, इओसिनोफिल पुढच्या तपासणीला ६०० च्या आसपास. स्टेरॉइड लागलंच नाही. शिंका मात्र गेल्या नाहीत, मला तर वाटतं वाढल्याच. स्किन टेस्टला माइट आणि झुरळ दोन्ही पॉझिटिव्ह. डॉक्टरांना विचारलं, जंतानं इतके दिवस दाबून ठेवलेलं का हे? म्हणाले एका माणसावरनं असं सांगता येत नाही, फौंड्रीची धूळ पण आहेच की. चुलतभाऊ मात्र जिंकल्यासारखा फिरतोय.

शाळेतल्या पोरांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास जंताची गोळी मिळती, ते १ ते १९ वर्षांसाठी. आपल्यासारख्या पाणी पाजणाऱ्यांना कुणी विचारत नाही, तवा आता गमबूट घेतलेत. चिखलात जड होतात, पण घालतो.

आणि हां, स्किन टेस्ट करणार असाल तर सेट्रिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, डॉक्टरांना विचारूनच. आमच्याकडं ते टेस्टच्या आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, म्हणून तारीख पुढं गेली. तुम्ही अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.